दहा रुपयांची दक्षिणा नाकारणाऱ्या घरातला मुलगा आयुष्यभर वर्गणी मागत फिरला : महर्षी कर्वेंची गोष्ट

चाकणजवळच्या महाळुंग्यात संध्याकाळची शिफ्ट सुटली की रस्ता कंपनीच्या बसेसनी भरून जातो. बजाज ऑटोचा कारखाना याच गावच्या हद्दीत. आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या. इथे काम करणाऱ्या पोरांची गावं मात्र लांबची असतात. कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी यवतमाळचं, कुणी खानदेशातलं. चार जणांत एक खोली, डबा लावलेला, आणि मोबाईलमध्ये दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप.

या ग्रुपवर वर्षभर गुड मॉर्निंग आणि वाढदिवस चालतात. पण वर्षातून एकदा वेगळा मेसेज येतो. शाळेची पत्रे गळतायत, प्रोजेक्टर घ्यायचाय, दहावीला पहिल्या आलेल्या मुलीला बक्षीस द्यायचंय. ज्याला जमेल त्याने पाठवा. मग कुणी दोनशे पाठवतो, कुणी दोन हजार. कुणी नुसता अंगठा दाखवतो.

पगार हातात येतो तेव्हा त्यातून खोलीभाडं, घरचा हप्ता, बहिणीचं लग्न असं सगळं आधीच वजा झालेलं असतं. मग ज्या शाळेतून बाहेर पडून दहा वर्षं झाली, तिच्यासाठी माणूस खिशात हात का घालतो? आणि तेही दरवर्षी?

याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण गाव सोडून नोकरीला गेलेली माणसं होती. त्यांच्यातल्या एकाने हे दरवर्षीच्या देण्याचं गणित कोकणातल्या एका गावापासून सुरू केलं आणि थेट विद्यापीठापर्यंत नेलं. तो गणिताचाच प्राध्यापक होता. नाव धोंडो केशव कर्वे.

दक्षिणेला नकार

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावात. लहानपण गेलं दापोली तालुक्यातल्या मुरूडमध्ये. जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं, हे हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यातलं समुद्रकाठचं गाव.

कर्वे घराणं एकेकाळी सधन होतं, पण धोंडूच्या वेळेपर्यंत ते दिवस संपले होते. वडील केशवपंत कारकुनी करून घर चालवायचे. घरात खाणारी तोंडं होती आणि पैसा मोजका होता.

अशात एकदा बातमी आली की बडोद्याचे गायकवाड ब्राह्मणांना दक्षिणा वाटतायत. माणशी दहा रुपये. त्या काळात दहा रुपये म्हणजे गरीब घराला कित्येक दिवसांचा आधार. धोंडूने आईकडे जायची परवानगी मागितली. आईने साफ नकार दिला. गरिबी असली तरी आपल्या घराने हात पसरायचा नाही, हा त्या बाईचा हिशोब होता.

हा किस्सा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण याच मुलाने पुढे साठ वर्षांहून जास्त काळ लोकांपुढे हात पसरले. फरक एवढाच की त्यातला एकही रुपया स्वतःसाठी नव्हता.

साताऱ्याची पायपीट

मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी होते. ते शिकवून थांबणारे शिक्षक नव्हते. गावातल्या लोकांना जगात काय चाललंय ते कळावं म्हणून त्यांनी मुलांना कामाला लावलं. छोटा धोंडू देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. आपल्याला जे वाचता येतं ते दुसऱ्यालाही मिळालं पाहिजे, हा धडा त्याला पुस्तकातून नाही, या कामातून मिळाला.

1875 साली सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की शाळामास्तरची नोकरी मिळू शकायची. पण परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. पावसाळी दिवस, समुद्र खवळलेला, बोटी बंद. मग पोरं चालत निघाली. सह्याद्री चढून, अंगावर पाऊस घेत, चार दिवसांनी साताऱ्यात पोहोचली.

तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी या किडकिडीत मुलाकडे बघितलं आणि ठरवलं की याचं वय सतरा असणं शक्य नाही. त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. चार दिवस चालून गेलेला मुलगा हात हलवत परत आला. पुढे कोल्हापूर केंद्रावरून त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला.

त्यानंतर मुंबई. रॉबर्ट मनी शाळा, 1881 साली मॅट्रिक, मग विल्सन आणि एल्फिन्स्टन कॉलेज. शिकवण्या करून स्वतःचा खर्च चालवायचा आणि उरलेल्यातून घरी पाठवायचे. 1884 मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

या सगळ्या काळात त्यांनी एक सवय लावून घेतली. कमाई कितीही कमी असो, त्यातला एक ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा. पैसे उरले तर द्यायचे, असं नाही. आधी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात भागवायचं.

मुरूड फंड

मुंबईत स्थिरावल्यावर कर्व्यांच्या लक्षात आलं की मुरूडची बरीच माणसं आता बाहेर आहेत. कुणी मास्तर, कुणी कारकून, कुणी मामलेदार कचेरीत. सगळ्यांना गावच्या शाळेने अक्षरओळख दिली होती आणि त्याच जोरावर ती पोटाला लागली होती. गावात मात्र शिक्षणाची स्थिती होती तिथेच होती. चौथी-पाचवीच्या पुढे शिकायचं तर गाव सोडणं भाग.

1886 च्या सुमारास त्यांनी मुरूड फंड सुरू केला. कल्पना साधी होती. बाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या उत्पन्नातून नियमित थोडी वर्गणी द्यायची आणि त्यातून गावातल्या शिक्षणाची व इतर सार्वजनिक कामं करायची.

आज ग्रुपवर मेसेज टाकून जे होतं ते तेव्हा पत्रं लिहून करावं लागायचं. प्रत्येकाला पत्र, त्याची आठवण करून देणारं दुसरं पत्र, पैसे आले की पोच, आणि पै-पैचा हिशोब. हे किचकट काम कर्वे करत राहिले.

यात दोन गोष्टी त्यांना उमगल्या, ज्या पुढे आयुष्यभर उपयोगी पडल्या.

पहिली, संस्थेचा खर्च दरवर्षी येतो. इमारत एकदा बांधून होते, पण मास्तरचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. एका शेठजीने जोशात येऊन मोठी रक्कम दिली आणि पुन्हा फिरकला नाही, तर तिसऱ्या वर्षी शाळा बंद पडते. पन्नास माणसांनी थोडं थोडं, पण न चुकता दिलं, तर ती चालू राहते.

दुसरी गोष्ट माणसाच्या मनाची. एकदा पैसे देणारा माणूस देणगीदार असतो. दरवर्षी देणारा माणूस विचारायला लागतो. शाळेचं काय चाललंय, मुलं किती आली, पैसे कुठे गेले? त्याला वाटायला लागतं की ही शाळा आपली आहे. आणि आपलं म्हटलं की पुढच्या वर्षीची वर्गणी मागावी लागत नाही.

पगार कमी, शब्द वीस वर्षांचा

1891 मध्ये दोन गोष्टी घडल्या. कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या, मागे लहान मुलगा रघुनाथ. हाच मुलगा पुढे संततिनियमनाच्या प्रचारामुळे र. धों. कर्वे म्हणून प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. दोघे एल्फिन्स्टनमधले ओळखीचे. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजला गणिताचा प्राध्यापक हवा होता.

मुंबईत शिकवण्या धरून कर्व्यांची कमाई बरी चालली होती. फर्ग्युसनमध्ये आजीव सदस्याला महिना 75 रुपये मिळायचे आणि वीस वर्षं सेवा करायचा शब्द द्यावा लागायचा. इतर ठिकाणी यापेक्षा जास्त मिळू शकेल अशी माणसं मुद्दाम कमी पगारावर तिथे राबत होती. म्हणजे पगारातला फरक हीच त्यांची दर महिन्याची देणगी होती. कर्वे आले आणि 1914 पर्यंत तिथे शिकवत राहिले.

या पद्धतीचं सगळ्यात झळाळतं उदाहरण कर्व्यांच्या घरातच वाढलं. त्यांचा आतेमामे नात्यातला भाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचा. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कर्व्यांनी उचलली. तो फर्ग्युसनमध्ये शिकला, केंब्रिजला गेला आणि 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्या वेळी त्याला सरकारी नोकरीचे सगळे दरवाजे उघडे होते. तो परत आला तो फर्ग्युसनमध्येच, त्याच कमी पगारावर, आणि 1902 मध्ये प्राचार्य झाला.

माजी विद्यार्थी कॉलेजला काय परत देतो, या प्रश्नाचं हे एक टोकाचं उत्तर होतं. परांजप्यांनी उमेदीची वर्षं दिली.

गावाचा बहिष्कार

11 मार्च 1893 ला कर्व्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी होती गोदूबाई, देवरुखच्या जोशांची. कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. लहानपणी लग्न झालं आणि थोड्याच काळात वैधव्य आलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनमधली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे सगळीकडे बाया कर्वे.

विधुराने कुमारिकेशी लग्न करायचं आणि विधवेने केस काढून कोपऱ्यात बसायचं, हा तेव्हाचा रिवाज. कर्व्यांनी तो मोडला. बातमी मुरूडला पोहोचली आणि गावाची सभा बसली. कर्व्यांवर बहिष्कार पडला. ते गावी आले आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं, तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं ठरलं. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला, त्या गावात त्यांना आईच्या घरात सरळ पाय ठेवता येईना.

अशा वेळी कुणीही म्हणालं असतं की झालं तेवढं पुरे. गावाचं आणि आपलं खातं बंद.

पण कर्व्यांनी गावावर राग धरून लेखणी उचलली नाही की दावा लावला नाही. त्यांनी त्याच अनुभवातून पुढचं काम उचललं. मुरूडने त्यांना वाळीत टाकलं ते एका विधवेशी लग्न केलं म्हणून. मग ज्या हजारो विधवा आपापल्या घरातच वाळीत पडल्यासारख्या जगतायत, त्यांचं काय?

1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. स्वतःजवळची हजार रुपयांची शिल्लक कर्व्यांनी त्यात घातली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखी मोठी माणसं पाठीशी उभी राहिली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा दिली. तिथे 1900 मध्ये एक झोपडी उभी राहिली. हिंगणं तेव्हा गावाबाहेरचं माळरान होतं. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग काही मैल चालत हिंगण्याला जायचे. चिखल असो, पाऊस असो, पाठीवर सामान असो.

याची किंमत घरच्यांनी मोजली. आश्रमात मुली पाठवणाऱ्या कुटुंबांना पुनर्विवाहाची भीती वाटू नये म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ वेगळी ठेवली. त्यामुळे पुनर्विवाहित बायांना नवऱ्यानेच काढलेल्या आश्रमात सुरुवातीला जागा नव्हती. पैसा आश्रमात जायचा आणि इकडे शहरातल्या घरात बाया मुलांना घेऊन काटकसरीने संसार ओढायच्या. कर्व्यांच्या दातृत्वाची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. कमाईतला मोठा हिस्सा बाहेर देणाऱ्या माणसाच्या घरात कुणीतरी तो हिस्सा वाचवत असतं.

शिकून गेलेली बाई परत आली

आता मूळ प्रश्न. शिकलेली माणसं परत का देतात? हिंगण्यात याचं उत्तर एका बाईने दिलं.

पार्वतीबाई आठवले या बायांच्या बहीण. विसाव्या वर्षाच्या आसपास विधवा झाल्या, पदरात एक मूल. कर्व्यांकडे आल्या तेव्हा त्यांना शिक्षण असं नव्हतं. हिंगण्यात शिकल्या आणि शिकून झाल्यावर दुसरीकडे नोकरी शोधण्याऐवजी तिथेच कामाला लागल्या. पुढे आश्रमाच्या अधीक्षक झाल्या.

मग त्यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. गावोगाव जाऊन सभेत उभं राहायचं, आपलीच गोष्ट सांगायची आणि पदर पसरायचा. एका विधवेने चारचौघांत उभं राहून बोलणं हाच तेव्हा धक्का होता. लोक सुधारणेवरचं व्याख्यान ऐकून विसरायचे, पण समोर उभी असलेली बाई विसरायचे नाहीत. आश्रमात शिकून काय होतं, याचा पुरावा त्यांच्यासमोर बोलत असायचा.

1918 मध्ये, चाळिशी उलटलेली असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. खर्च भागवायला लोकांच्या घरी घरकाम केलं, भांडी घासली, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसा जमवून 1920 मध्ये परतल्या.

पार्वतीबाईंना आश्रमाचं कर्ज फेडायचं होतं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. कर्ज फेडलं की संपतं, त्यांचं देणं संपलं नाही. कारण ज्यांनी त्यांना दिलं होतं त्यांना ते परत करायची सोयच नव्हती. हिंगण्याच्या झोपडीला चार आणे देणारा कोण कुठला माणूस, त्याचा पत्ता कुठून शोधणार? त्यामुळे ते देणं मागे जाऊ शकत नाही, ते पुढच्या मुलीकडेच जातं. दरवर्षी नवी मुलगी दारात येते आणि दरवर्षी देणं नव्याने उभं राहतं.

कर्व्यांचंही तेच झालं होतं. सोमण गुरुजींना ते काय परत करणार होते? त्यांनी मुरूडच्या पुढच्या पोरांसाठी फंड काढला.

विद्यापीठ चालतं कशावर?

1907 मध्ये महिला विद्यालय सुरू झालं. विधवाच नाही, कुठलीही मुलगी तिथे शिकू शकायची. 1915 च्या सुमारास कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्यांनी भाषणात महिला विद्यापीठाची कल्पना मांडली.

लोकांना ही कल्पना हवेतली वाटली. सरकारची मान्यता नाही, इमारत नाही, पैसा नाही, आणि शिकवणार मातृभाषेतून. 1916 मध्ये विद्यापीठ सुरूही झालं. कुलपती भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली किती? एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. कर्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, फर्ग्युसनमधून निवृत्त झालेले.

पैसा कुठून आणायचा? कर्व्यांनी मुरूड फंडाचंच गणित मोठ्या फळ्यावर मांडलं. दरवर्षी थोडी वर्गणी देणारे लोक देशभर शोधायचे. पदवीधर असतील तर उत्तमच, पण पदवीधर नसलेलेही चालतील. वर्गणी देणाऱ्यांना विद्यापीठाचे प्रतिनिधी निवडण्याच्या कामात सहभाग द्यायचा. म्हणजे जो दरवर्षी देतो तो नुसता दाता राहत नाही, त्याला विद्यापीठात आवाज मिळतो.

मग कर्वे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून देशभर फिरले. शहर गाठायचं, ओळखीच्याकडे उतरायचं आणि दारोदार जायचं. कुणी पाच रुपये दिले, कुणी पाणी पाजून वाटेला लावलं. किरकोळ रकमेचीही नोंद व्हायची आणि हिशोब छापला जायचा. नाव छापून आलं म्हणजे पुढच्या वर्षी त्या माणसाकडे जायला तोंड असायचं आणि त्यालाही जाब विचारायला जागा असायची.

1920 मध्ये मोठी देणगी आली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जपानचं महिला विद्यापीठ स्वतः बघून आले होते. त्यांनी 15 लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज ज्याला सगळे एसएनडीटी म्हणतात ते हेच. 1936 मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला हललं.

15 लाख आल्यावर वर्गणी मागायची गरज संपली असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. कर्वे फिरतच राहिले. 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर गेले. बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. परत आल्यावर पुन्हा निघाले ते आफ्रिकेला. मोम्बासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या, नोकरदारांच्या दारात उभे राहिले. या लोकांनी हिंगणं कधी पाहिलंही नव्हतं. पण मायदेशातल्या शिक्षणाला हातभार लावायची संधी त्यांना घरबसल्या मिळत होती.

पुन्हा खेड्याकडे

1936 मध्ये कर्वे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा सुरू करायच्या, हे त्याचं काम. त्यांना पेन्शन होतं महिना 70 रुपये. त्यातले 15 रुपये ते दर महिन्याला मंडळाला द्यायचे. स्वतः पुण्यातल्या घराघरांत जाऊन लोकांकडून छोट्या रकमा जमवायचे. चाळीसच्या आसपास खेड्यांत अशा शाळा उघडल्या.

हे मुरूड फंडाचंच मोठं रूप होतं. पन्नास वर्षांपूर्वी एका गावासाठी केलेलं काम आता अनोळखी गावांसाठी. ज्या खेड्याने त्यांना वाळीत टाकलं तसल्याच खेड्यांत ते अक्षरं घेऊन चालले होते.

त्यांच्या कामावर टीकाही झाली. सुरुवातीच्या काळात आश्रमात बहुतेक ब्राह्मण विधवाच होत्या. बहुजन आणि दलित मुलींपर्यंत हे काम फार उशिरा पोहोचलं, ही टीका रास्त होती. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. उशीर झाला होता, पण हिशोबातली चूक दिसल्यावर गणिताच्या मास्तराने ती सुधारायला घेतली.

1958 मध्ये त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. भारतरत्न मिळालं आणि टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. 9 नोव्हेंबर 1962 ला, एकशे चार वर्षांचं आयुष्य जगून, ते गेले.

दरवर्षी का?

हिंगणं आता कर्वेनगर झालंय. जिथे एक झोपडी होती तिथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा मोठा पसारा आहे. 1991 मध्ये याच संस्थेने मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कमिन्स कंपनीच्या मदतीने. विधवांना अक्षरओळख देण्यासाठी घेतलेल्या त्या माळावरून आज मुली इंजिनिअर होऊन बाहेर पडतात आणि पुण्याभोवतीच्या कारखान्यांत नोकरीला लागतात.

म्हणजे फिरून गोष्ट महाळुंग्याच्या रस्त्यावर येते. तिथे शिफ्ट संपवून बसमध्ये बसलेल्या पोराला ग्रुपवर शाळेच्या पत्र्यांचा मेसेज येतो तेव्हा त्याच्यासमोर तोच प्रश्न असतो जो 1886 मध्ये मुरूडच्या कारकुनासमोर होता. आपल्याला कमी पडतंय, त्यात शाळेला कुठून द्यायचं?

कर्व्यांच्या आयुष्यातून याची तीन सरळ उत्तरं मिळतात. रक्कम मोठी नसली तरी चालते, पण ठरलेली असावी आणि पगार झाल्याबरोबर बाजूला निघावी. घेणाऱ्याने पै-पैचा हिशोब द्यावा, कारण हिशोब दिसला नाही की दुसऱ्या वर्षी कुणी देत नाही. अनेक माजी विद्यार्थी संघ पहिल्या वर्षीच्या जोशानंतर थंडावतात ते बहुतेक इथेच. आणि देणाऱ्याला विचारायचा हक्क असावा, कारण विचारायचा हक्क मिळाला की संस्था त्याची होते.

बाकी शाळा परिपूर्ण होती म्हणून कुणी देत नाही. शाळेत मार खाल्लेला असतो, गावात अपमान झालेला असतो, काहींना तर गावाने चक्क वाळीत टाकलेलं असतं. तरी देतात, कारण पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात जे पोरगं येऊन बसणार आहे, त्याने यातलं काहीच केलेलं नसतं.

ग्रुपवर आलेले दोनशे रुपये त्या पोरासाठी असतात.